पायाच्या मातीचे ब्लॉक: खड्ड्यापासून भिंतीपर्यंत

पाया खणून झाला की पहिली कटकट असते ती मातीच्या ढिगाची. ट्रॅक्टर लावून ती माती गावाबाहेर टाकायची आणि पुढच्या आठवड्यात तसाच ट्रॅक्टर लावून विटा आणायच्या, हा व्यवहार इतका सवयीचा झालाय की त्यात दोनदा भाडं जातं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याच ढिगातली बरीचशी माती भिंतीत वापरता येते. ती चाळायची, त्यात क्रशरची डस्ट आणि थोडं सिमेंट मिसळायचं, हातयंत्रात दाबायची आणि तीन-चार आठवडे ओली ठेवायची. भट्टी लागत नाही.

नवख्या माणसाची चूक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होते. ब्लॉक कच्चा निघाला की तो सिमेंट वाढवतो. चिकण जास्त असलेली माती सिमेंटने सुधारत नाही, नुसती महाग होते. माती सुधारते डस्टने किंवा वाळूने, आणि सिमेंट त्या सुधारलेल्या मातीला धरून ठेवतं. हा क्रम पक्का ठेवला तर निम्मे त्रास होतच नाहीत.

खणतानाच ढीग वेगळे करा

जेसीबी एकदा चालू झाला की सगळी माती एकाच ढिगात पडते आणि मग निवडता येत नाही. म्हणून चालकाला आधीच सांगून ठेवा. देशावर खड्ड्याच्या बाजूला थर स्पष्ट दिसतात. वर काळी माती, तिच्याखाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीचे खडे असलेला पांढरट-पिवळा थर, त्याखाली मुरूम आणि मग खडक.

वरची फूट-दीड फूट माती ब्लॉकसाठी घ्यायचीच नाही. तिच्यात मुळं आणि कुजलेला पालापाचोळा असतो, तो सिमेंटला धरू देत नाही. मूठभर माती ओली करून हुंगा. शेणखतासारखा वास आला तर ती बागेत टाका, तिथे तिचं सोनं होईल. खालची काळी माती बागेत गेली नाही तरी ब्लॉकचा मुख्य माल म्हणून चालत नाही. पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते ती हीच. चुना घालून तिला वठणीवर आणता येतं, पण तो पहिल्या घरावर करण्याचा प्रयोग नाही.

आपल्याला हवा मुरूम आणि त्याच्या लगेच वरची माती. निव्वळ मुरूम मात्र कोरडा असतो, त्याचा ब्लॉक साच्यातून काढतानाच कोपऱ्यात फुटतो. तो धरून ठेवण्यापुरतं चिकण लागतं. कोकणात आणि गोव्यात काम आणखी सोपं आहे. तिथली तांबडी जांभ्याची माती, आणि चिरेखाणीत चिरे कापताना पडणारा लाल भुगासुद्धा, या कामाला चांगला. तळ्याचा गाळ फुकट मिळतो म्हणून आणू नका. तो फार बारीक असतो, निम्म्याहून जास्त डस्ट घातल्याशिवाय उभा राहत नाही. गाळ शेतात बरा.

चोपण जमिनीतली माती ओळखायला मातीचं कोरडं ढेकूळ ग्लासातल्या स्थिर पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. ढेकूळ ढासळून खाली बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं तर ठीक. ढेकळाभोवती दुधासारखा ढग पसरत गेला तर ती माती सोडून द्या. तिच्या भिंतीला पाणी लागलं की ती विरघळू लागते. भरीला क्षार असतील तर लोणाही लागतो.

माती प्लॉटबाहेरून आणायची किंवा बाहेर न्यायची असेल तर गौण खनिजाच्या परवान्याचं तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि गावातली जुनी पांढर खणू नका. धाब्याच्या घरांना ती माती वापरत हे खरं, पण त्या टेकाडात जुन्या वस्तीचे थर असतात.

बाटली आणि पेटी

दोन चाचण्या पुरतात आणि दोन्ही फुकट होतात.

पहिली बाटलीची. सरळ कडांची पारदर्शक बरणी घ्या, तिचा तिसरा हिस्सा मातीने भरा, चिमूटभर मीठ घाला आणि पाण्याने भरून जोरात हलवा. तासाभराने पुन्हा हलवून सपाट जागी ठेवा. पहिल्या मिनिटात जे तळाला बसतं ते खडे आणि वाळू. तिथे पेनाने खूण करा. अर्ध्या तासाने दुसरी खूण, दोन्ही खुणांमधला थर म्हणजे गाळवट. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर जे बसलेलं असतं ते चिकण. सिमेंटच्या ब्लॉकसाठी साधारण १५ टक्के बारीक खडे, ५० टक्के वाळू, १५ टक्के गाळवट आणि २० टक्के चिकण ही चांगली माती. बरोबर तेवढंच भरेल असं नाही, पण खडे आणि वाळू मिळून ६० टक्क्यांच्या खाली असेल तर डस्ट घालावी लागणार हे समजा. पाण्यात चिकण फुगून बसतं, म्हणून बरणीत ते असतं त्यापेक्षा जास्त दिसतं.

बाटलीवरून अंदाज येतो, निकाल पेटी देते. आतून ६० सेंटीमीटर लांब, ४ रुंद आणि ४ खोल अशी लाकडी पेटी सुताराकडून करून घ्या. आतून तेल लावा. माती पोळीच्या कणकेपेक्षा थोडी सैल भिजवा आणि कोपरे दाबून पेटी काठोकाठ भरा. ऊन्हात तीन दिवस किंवा सावलीत आठवडाभर वाळू द्या. वाळल्यावर मातीची पट्टी आक्रसलेली असते, कधी तिचे दोन-तीन तुकडे होतात. सगळे तुकडे एका टोकाला सरकवा आणि दुसऱ्या टोकाची फट मोजा.

फट १५ मिलिमीटरच्या आत असेल तर मापाने १ सिमेंटला १८ भाग माती चालते. १५ ते ३० असेल तर १ ला १६. तीसच्या पुढे जुन्या कोष्टकांत १ ला १४ आणि १ ला १२ ही प्रमाणं दिलेली असतात, पण तिकडे जाऊच नका. चार भाग मातीला एक भाग डस्ट घाला आणि पेटी पुन्हा भरा. अजून जास्त आली तर तीनाला एक, मग दोनाला एक. फट तीसच्या आत आली की तुमचं मिश्रण ठरलं. यात आठ-पंधरा दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत. उलट फट जवळजवळ नाहीच, पट्टी हातात घेताच भुगा होते, असं दिसलं तर चिकण कमी आहे. थोडी चिकट माती मिसळा. काळ्या मातीचा एवढाच काय तो उपयोग, दहाव्या हिश्शापर्यंत, आणि तोही पेटीत तपासून.

डस्ट म्हणजे क्रशरवरची ५ मिलिमीटरच्या आतली. कच टाकू नका, खडा मोठा असला की ब्लॉकची कड फुटते.

किती लागेल

ब्लॉक वेगवेगळ्या मापांचे निघतात. इथला हिशोब २३० × १९० × १०० मिलिमीटरचा धरलाय, कारण त्यात १९० ची भारवाहक भिंत होते. वाळल्यावर असा ब्लॉक सुमारे ८ किलोचा भरतो. एक चौरस मीटर भिंतीला, सांधा १० मिलिमीटरचा धरून, ३८ ब्लॉक. पाचशे चौरस फुटांच्या साध्या घराला दारं-खिडक्या वजा जाता साधारण ९० चौरस मीटर भिंत येते, म्हणजे ३,४०० ब्लॉक. फूटतूट धरून ३,६०० पाडा.

हजार ब्लॉकना चाळलेली माती आणि डस्ट मिळून सव्वादोन ते अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). म्हणजे या घराला आठ-नऊ ब्रास, त्यात तिसरा हिस्सा डस्ट धरली तर स्वतःची माती सहा ब्रास. पायातून निघालेल्या मातीतली बाजूला परत भरायची वजा केली आणि चाळणीवर उरलेली सोडली तरी एवढी माती बहुधा निघते. सिमेंट १ ला १६ धरून गोणीला सुमारे ९० ब्लॉक, म्हणजे चाळीस गोण्या.

घाणा

माती कोरडी असेल तेव्हाच चाळा. ओली ढेकळं चाळणीतून जात नाहीत, ती फेकली की त्यांच्याबरोबर नेमकं चिकण जातं आणि खाली उरलेलं मिश्रण पेटीत तपासलेलं मिश्रण राहत नाही. चाळण ५ मिलिमीटरची, ४५ अंशांत तिरकी उभी केलेली. ढेकळं आधी धुम्मसाने फोडून घ्या.

घमेल्यांचा हिशोब नको. एक बिगारी शीग लावून भरतो, दुसरा सपाट. तळ नसलेली लाकडी पेटी करा, आतून ३५ × ४० आणि उंची २५ सेंटीमीटर. तिच्यात बरोबर ३५ लिटर मावतं, म्हणजे सिमेंटच्या एका गोणीएवढं. आतल्या बाजूला तळापासून सव्वासहा सेंटीमीटरवर खिळ्याने रेघ ओढा, ती झाली पाव गोणी. चार पेट्या माती-डस्ट आणि पाव गोणी सिमेंट हा १ ला १६ चा एक घाणा. त्यातून तेवीसएक ब्लॉक पडतात.

घाणा एवढा लहान का? पाणी पडल्यापासून सिमेंट धरू लागतं आणि पाऊण तासाने दाबलेला ब्लॉक आधीच्या ब्लॉकइतका पक्का होत नाही. वरून तो अगदी तसाच दिसतो, म्हणून ही चूक महिन्याभराने पाण्यात बुडवल्यावर उघडी पडते. अर्ध्या गोणीचा घाणा करून जेवायला जाणं हे या धंद्यातलं सर्वात महागडं जेवण.

कोरडा माल फावड्याने किमान तीनदा इकडचा तिकडे पालटा, राखाडी पट्टे दिसेनासे होईपर्यंत. मग पाणी, झारीने आणि थोडं थोडं. पाइप लावला की चिकणाचे गोळे होतात आणि ते गोळे ब्लॉकमध्ये तसेच राहतात. एका घाण्याला साधारण १६ ते २० लिटर लागतं, पण मातीत सकाळचा ओलावा असतो म्हणून आकड्यावर जाऊ नका, लाडू वळा.

मूठभर माल घट्ट दाबून लाडू करा आणि खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर पाणी बरोबर. फुटून भुगा पसरला तर कमी. चपटा होऊन एकाच जागी बसला तर जास्त, त्यात कोरडा माल आणि त्याच प्रमाणात सिमेंट घालावं लागेल. दाबताना बोटांना ओलावा जाणवावा पण तळहात माखू नये. प्रत्येक घाण्याला लाडू टाकायचा, दुपारी ऊन वाढलं की मधेही एकदा.

यंत्र

हातयंत्राची कल्पना कोलंबियातली. १९५० च्या दशकात बोगोटा इथे राउल रामिरेझ यांनी सिन्व्हा-रॅम हे यंत्र बनवलं. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ गटाने या विषयावर बरंच काम केलं, आणि ऑरोव्हिलचं ऑरम यंत्रही माहितीतलं आहे. जुनं यंत्र भाड्याने घेताना साच्याच्या पट्ट्या झिजल्यात का ते गुण्याने बघा. झिजलेल्या साच्याचे ब्लॉक पोटात फुगतात आणि गवंडी ओळंबा लावता लावता वैतागतो.

प्रत्येक ब्लॉकला माल वजन करून घाला. या मापाला ओला माल ८.८ किलोच्या आसपास लागतो. पहिल्या दिवशी ८.६, ८.८ आणि ९ किलोचे प्रत्येकी पाच ब्लॉक पाडा आणि दांडा कसा येतो ते पाहा. एका हाताने खाली आला तर माल कमी, दोघं लटकूनही येत नसेल तर जास्त. एका धडधाकट माणसाच्या पूर्ण जोराने, किंवा दोघांच्या बेताच्या जोराने खाली यावा. साचा भरताना चारी कोपरे बोटांनी दाबून घ्या, नाहीतर मध्य घट्ट आणि कोपरे पोकळ होतात. आठ-दहा ब्लॉकनंतर साच्याला तेलाचा पोचारा.

ब्लॉक उचलताना दोन्ही तळहात समोरासमोरच्या बाजूंवर सपाट ठेवायचे. बोटांनी चिमटीत धरला की बोटांचे ठसे तरी उमटतात किंवा कड तरी येते हातात. बाहेर येतानाच कोपरे गळत असतील तर पाणी किंवा चिकण कमी. तळाला चिकटून येत असेल तर पाणी जास्त. बाजूला आडव्या पापुद्र्यासारख्या रेघा दिसत असतील तर चिकण जास्त आहे, पुन्हा पेटीकडे जा. फुटलेला ब्लॉक पाणी पडून पाऊण तास व्हायच्या आत फोडून त्याच घाण्यात टाका. वाळलेला टाकायचा झाला तर कुटून आणि डस्ट समजून, सिमेंटचा हिशोब त्यात धरू नका.

पाच-सहा जणांच्या नवख्या टोळीने पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनशेवर समाधान मानावं. हात बसला की आकडा वाढतो.

पाणी मारणं

इथे सर्वात जास्त ब्लॉक वाया जातात, आणि कारण आळसाशिवाय दुसरं नसतं. ब्लॉक पाडून झाला की माणसाला वाटतं काम संपलं.

सपाट जागेवर प्लॅस्टिक अंथरा आणि पहिल्या दिवशी ब्लॉक एकाच थरात ठेवा, मधे बोटभर फट ठेवून. रांग भरली की लगेच वरून प्लॅस्टिक, संध्याकाळची वाट पाहायची नाही. ऊन आणि वारा पहिल्या दोन तासांत जे पाणी ओढतात ते सिमेंटच्या वाट्याचं असतं, नंतर कितीही शिंपडलं तरी ते परत येत नाही. तिसऱ्या दिवसापासून चार-पाच थरांची थप्पी करा, वर गोणपाट किंवा पेंढा, त्यावर प्लॅस्टिक. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी. असं २१ दिवस, जमलं तर २८. त्यानंतर दोन आठवडे सावलीत वाळवायचे. प्रत्येक थप्पीवर खडूने तारीख लिहा, नाहीतर कालची थप्पी महिन्याची समजून गवंडी उचलून नेतो.

याच पाण्यामुळे हंगाम ठरतो. दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याच्या आत ब्लॉक पाडून संपवावेत. मे महिन्यात माती छान कोरडी असते, पण ब्लॉकला मारायला पाणी कुठून आणणार?

भिंतीत जाण्याआधी

प्रत्येक पाचशेतून दोन-तीन ब्लॉक काढा. वाळलेला ब्लॉक तोला, २४ तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. आठ किलोचा ब्लॉक ९.२ किलोच्या वर गेला, म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला, तर त्या थप्पीकडे संशयाने बघा. ओल्याच कडेवर खिळा ओढा. बारीक रेघ उमटली तर चांगला, चर पडून चिखल निघाला तर तो घाणा बिघडलेला होता. दाबाची चाचणी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात करून घ्या आणि ब्लॉक ओला करूनच तपासायला सांगा. मातीच्या ब्लॉकची कोरडी ताकद ओल्याच्या दुप्पटही असते, कोरडा आकडा पाहून खूश होण्यात अर्थ नाही. एकमजली घराला ओल्या ब्लॉकची ताकद चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटनच्या आसपास असावी. या ब्लॉकसाठी आय. एस. १७२५ हे भारतीय मानक आहे, २०१३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. अभियंत्याशी बोलताना तो आकडा सांगा, बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

बांधकाम

जोत्याच्या खाली हे ब्लॉक नकोत. पाया आणि जोतं दगडाचं किंवा चिऱ्याचं, जमिनीपासून निदान दीड ते दोन फूट, त्यावर ओल अडवणारा थर, मग ब्लॉक. छपराची वळचण दोन फूट बाहेर काढा. जमिनीवर पडून उडणारं पागोळ्याचं पाणी भिंत पोखरतं, समोरून येणारी सर तेवढी नाही. न्हाणीघराला भाजकी वीटच बरी.

मसाल्याला १ सिमेंट, १ चाळलेली माती आणि ६ वाळू. गवंडी सवयीने १ ला ४ चा कडक माल कालवेल, त्याला अडवा. तो माल ब्लॉकपेक्षा कडक होतो आणि भिंत जराशी हलली की भेग सांध्यातून न जाता ब्लॉकमधून जाते. ब्लॉक लावण्याआधी पाण्यात बुडवून लगेच काढायचा, भिजत ठेवायचा नाही. सांधा १० ते १२ मिलिमीटर, प्रत्येक थरात सांधेमोड. दिवसात तीन-साडेतीन फुटांहून जास्त उंची चढवू नका.

जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईचे काँक्रीटचे पट्टे घराभोवती अखंड फिरले पाहिजेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची मातीची जड धाबी माणसांवर कोसळली. भूकंपाच्या नकाशावर तो भाग तेव्हा सर्वात कमी धोक्याचा होता, म्हणून आमच्याकडे भूकंप होत नाही हे कारण ऐकून घेऊ नका. पट्ट्यांची जाडी आणि सळया अभियंता ठरवेल.

गिलावा करायचाच असेल तर आतून मातीचा किंवा चुन्याचा. बाहेरून सांधे नीट दाबून दर्जा भरल्या की भिंत उघडी राहू शकते, पावसाच्या दिशेच्या बाजूला मात्र गिलावा करा. वायरिंगचे पाइप बांधतानाच सांध्यात सोडवून घ्या. नंतर छिन्नीने चर मारला तर ब्लॉक विटेसारखा सरळ तुटत नाही, खपली निघते. फळ्या आणि पंख्याचे हूक लावायच्या जागा आधी ठरवून तिथे काँक्रीटचा एकेक ब्लॉक टाकून ठेवा.